ब्लँकेटमागचा कोच

सभेचे आजचे अध्यक्ष कर्टिस एत्सिटी, विंडो रॉकच्या मुख्य कचेरीतून मुद्दाम आलेल्या क्रीडा विभागाच्या बाई, व्यासपीठावरची मंडळी, आज्या-आजोबा, आयाबाया, आणि गुडघ्यांना पॅड बांधूनच जेवायला आलेल्या माझ्या पोरींनो, यातेहे, नमस्कार.

मी बर्निता मॅनीगोट्स. आईकडून कडू पाण्याच्या कुळाची, वडिलांकडून मिठाच्या. त्या हिशेबानं तुमच्यातले निम्मे माझे भाऊ-बहिणीच निघतील. तेव्हा भाषण लांबलं तर घरचंच माणूस बोलतंय असं समजा.

ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते पोरींचे कोच ऑर्विल टोहानी कुठं आहेत, असं पाहुण्या बाईंनी मघाशी विचारलं. बाई, ते इथंच आहेत. व्हॉलीबॉलच्या जाळीवर लाल-काळं ब्लँकेट टाकलंय ना, त्याच्या पलीकडे. मी त्यांची सासू. आमच्यात सासू-जावयानं एकमेकांचं तोंड पाहायचं नसतं. जुनी माणसं म्हणतात, डोळे जातात. मी म्हणते, डोळ्यांचं राहू द्या, तो मान आहे. माझ्या रोंडाशी त्यांचं लग्न झाल्यापासून मी त्यांच्या ट्रकची धूळ ओळखते, चेहरा नाही.

हसू नका, अजून पुढं आहे.

आधी आपल्याकडे व्हॉलीबॉल कोण खेळायचं, आठवतंय? शाळेजवळ राहणाऱ्या पोरी. आपल्या पोरींची बस शाळा सुटताच निघायची आणि सराव त्यानंतर सुरू व्हायचा. बस चुकली तर कच्च्या रस्त्यानं घरी आणणार कोण? माझी नात शोनी मेंढवाड्याच्या कुंपणावरून एकटीच बॉल मारायची. पलीकडे झेलायला मेंढ्या. त्या काही बॉल परत टाकत नाहीत.

मग ऑर्विलनी गावसभेत मागणी केली, की पोरींना शाळेत थांबता येत नसेल तर खेळ गावात आणू, संध्याकाळी हे सभागृह त्यांना द्या. पंचाईत अशी, की तेव्हा गावसभेची अध्यक्ष मी! मागणी करणाऱ्यानं समोर उभं राहायचं असतं. आणि मी उठून गेले असते तर कोरम मोडला असता. आपल्याकडे कोरम पावसाइतकाच दुर्मिळ.

काय करणार? खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून सभा चालवली.

"हात कोण मोजणार, बर्निता? कॅलेंडर?" आमचे थोरले बंधू हॅरिसन ओरडले.

"दादा, तू मोज. फक्त स्वतःचा एकदाच मोज."

"पोरी दिवे फोडतील!"

"मग तुझं भाषण अंधारात होईल. लोक सुखानं झोपतील."

ठराव झाला. दिवेही फुटले, तेही सांगून टाकते. बापमंडळींनी टायरांत सिमेंट ओतून जाळीचे खांब रोवले. मावश्यांनी पाळ्या लावून ट्रक फिरवले, घराघरातून पोरी आणल्या, पोचवल्या. पण कोच जावई, म्हणून मी मात्र बाहेर.

पहिला घरचा सामना ठरला. शोनी म्हणाली, "सगळ्यांच्या आज्या येणार. माझीच नाही?" सामन्याच्या दिवशी रोंडा दारात. "आई, चल. ते दिसणार नाहीत तुला." येऊन बघते तर कोपऱ्यात दोरीवर ब्लँकेट आणि कोच त्यामागे! ज्यांनी खेळ बघायचा ते आड, आणि मी पुढच्या रांगेत.

पोरी हरायला लागल्या. ब्लँकेटमागून आवाज आला, "काय झालं?"

शोनी ओरडली, "सगळे बॉल मधेच पडतायत!"

"का?"

"ते तुम्ही सांगायचं ना!"

"मला दिसत नाही, शोनी. तुला दिसतंय. तू सांग."

पोरींनी घोळका केला, भांडल्या, जागा बदलल्या. तो सामना आपण हरलो. पण रस्सा ओरपतानासुद्धा पोरींचा वाद चालूच होता, कुणी कुठं उभं राहायला हवं होतं यावर. तेव्हाच मी ओळखलं, आता या कुणासाठी अडून राहणार नाहीत. पुढं इथला प्रत्येक सामना त्यांनी असाच चालवला. त्यातल्या थोरल्या पोरी आज शेजारच्या गावांमधे धाकट्यांना शिकवतात, जिथं कधी जाळीसुद्धा नव्हती. बाई, तुम्ही ऑर्विलना हेच काम गावोगाव करायला नेताय. न्या. आमची छाती फुगलीय, कुठंही न्या.

लोक मला म्हणतात, काळ बदलला, सोड आता हे. काही सासवा जावयासोबत पत्ते खेळतात म्हणे. खेळोत बापड्या. ज्यानं माझ्या मानापायी आपली जागा सोडली, त्याच्यापुढं तो मान मी मोडू कशी?

टोचतं ते एवढंच, की या सभागृहात आपल्या पोरींचा एकही सामना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही. येत्या शनिवारी शोनीचा इथला शेवटचा. मग ती कॉलेजला, ते विंडो रॉकला. मी काय ठरवलंय ते शोनीला सांगितलं. आधी रुसली. मग म्हणाली, "म्हणजे घरी येऊन सगळं मलाच सांगावं लागणार." सांग म्हटलं.

पहाटेपासून मटण शिजवणाऱ्या आणि आपल्या तळणीच्या भाकऱ्या करणाऱ्या मंडळींचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, जीभ कुठं घसरली असेल, तर पोटात घाला.

आणि रोंडा, तुझ्या नवऱ्याला सांग, शनिवारी ब्लँकेट बांधायचं नाही. मी घरी थांबतेय. पुढच्या रांगेतल्या माझ्या खुर्चीवर त्यांनी बसावं, आणि डोळे भरून बघावं.