वहिनीचा पहिलाच डाव

हात हलवून खेळायच्या कंट्रोलरने गेम जास्त रंगतो का, असं विचारताय ना? आमच्या जामसंड्याच्या घरात काय झालं ते ऐका, मग तुम्हीच ठरवा.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, टीव्हीवर हात हलवून खेळायच्या, चेंडूने खुंट्या पाडायच्या बोलिंग-गेमचं वेड. मी म्हणायचो, "बटणांचो गेमच बरो." त्यावर तो म्हणायचा, "बटान कोणीय दाबला तरी सारख्याच. ह्यात माणसाचो हात दिसता."

दादा गेला, आणि ते गेमचं यंत्र कपाटात पडलं. परवा दुपारी वहिनीने ते स्वतःच बाहेर काढलं. "भावजी, माका शिकवा," म्हणाली. तिने कधी हातही लावला नव्हता त्याला.

मी गेम सुरू करून कंट्रोलर तिच्या हातात दिला. पडद्यावरच्या माणसाने चेंडू उचलला, मनगट दोनदा झटकलं, जरा थांबला आणि फेकला. दादा अगदी असाच खेळायचा.

"वहिनी, ह्या खंय शिकलंस?" म्हणत मी वळलो. कंट्रोलर तिच्या मांडीवर होता. दोन्ही हात पदरात.

पडद्यावर पुन्हा मनगट झटकलं. मी घाईने टीव्ही बंद करायला उठलो.

वहिनी हळूच म्हणाली, "रवांदेत, भावजी. खेळूंदेत तेंका."