शेंदूर लागलेली कोनशिला

आगरदांड्याच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत कोकिळा बसली होती. शेजारी एक म्हातारा-म्हातारी बोलत होती.

"अवो, नगरपालिकेनं नव्या चाळींची कोनशिला बसवली, मंग चाळी का न्हाय बांधत?"

"अगो, बायांनी तिला शेंदूर फासला. आता ती देवी हाय."

"मंग बाजूला ठेवा की!"

"मतं जातील ना! नगराध्यक्षानंच पयला नारळ फोडला."

"आन् चाळींपायी आपली झोपडी मोडली ती?"

"तिथं देवीचा मंडप व्हनार."

"म्हंजे घर देवीला? मंग आपून ऱ्हायचं कुठं?"

"देवीला नवस बोला म्हनतात."

कोकिळेनं पदराखालचा नारळ चाचपला. घरासाठीच ती त्याच देवीकडं नवस बोलायला निघाली होती.

"काका, पावते का हो ती?"

"अध्यक्षाला पावली, पोरी. दोनदा."