राक्षसाने कसे उठावे

डिचोलीच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी, बाकावर, दशावतारात राक्षस करणारा सगुण आणि त्याची बायको शेवंती बसली होती. मी कान बंद ठेवायचा फार प्रयत्न केला. पण माझे कान माझं ऐकत नाहीत.

“आज हृदयाची गोळी घेतली नाही ना तुमी?”

“जत्रा होईपर्यंत बंद. राक्षसाची नाडी अशी गोगलगायीसारखी चालते काय गो?”

“एकदम सोडली तर काळीज उधळेल. डॉक्टरांनी कितीदा बजावलं!”

“आणि गर्जना करून सिंहासनावरून उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याचं काय? मी पडलो तर मुकुट आमच्या कंपनीतल्या बाबाजीच्या डोक्यावर जाणार. टपून बसलाय तो.”

“मग उडी मारून उठता कशाला? आधी पाय टेका, थोडं थांबा, मग सावकाश उठा.”

“राक्षस सावकाश उठतो?”

“माझा बापूस सावकाश उठायचा. अख्खं घर अंगणात पळायचं.”

“खरंच गो?”

“गोळी चालू ठेवता का, ते सांगा. अंधारीचं आणि आज चुकवलेल्या गोळीचं आत डॉक्टरांनाच विचारू.”

“ठेवतो. आता बघ हां.”

सगुणाने पाय टेकले. थांबला. भुवया चढवल्या. मग तो असा इंच इंच उठू लागला की बाकावरची तिघं आपोआप सरकली आणि भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यावर उलटलं.

नर्सने नंबर पुकारला. तो माझा होता.

मी म्हटलं, “आधी तुम्ही जा, महाराज.”