हात मागे बांधून

बाबा: मुख्याध्यापिकाबाईंचा फोन मला येतो, या वयात. स्वतःच्या मुलीची तक्रार ऐकायला. वर्गात काय बोललीस तू?

छकुली: मुलांनी विचारलं त्याचं उत्तर दिलं. चहा घ्या, निवतोय.

बाबा: चहा राहू दे. पुस्तकातली माझी कविता खोटी आहे असं पोरांना सांगितलंस म्हणे.

छकुली: खोटी हा शब्द मी वापरला नाही. एका मुलीनं विचारलं, बाई, कवितेतली छकुली म्हणजे तुम्हीच ना, मग तुम्ही घर सोडून कुठे गेला होतात? मी म्हटलं, कुठेच नाही. इथेच आहे.

बाबा: एवढ्यावर कुणी फोन करत नाही.

छकुली: मग दुसरीनं विचारलं, बापानं हात मागे का बांधले होते. त्याचं उत्तर मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते. लेकीला अडवायला हात पुढे होतील, या भीतीनं बापानं ते मागे बांधले, यातून त्याचा संयम दिसतो. दोन गुण. काल तेच सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

बाबा: काय?

छकुली: म्हटलं, त्यांच्या हातात कपाटाची किल्ली होती.

(बाबा कप उचलतात आणि न पिताच खाली ठेवतात.)

बाबा: भर वर्गात.

छकुली: भर वर्गात. आधी मुलं हसली, त्यांना वाटलं बाई गंमत करतायत. मग मी सांगितलं की माझी बॅग त्या कपाटात होती, बाहेर गाडी भरत होती, आणि मी घरभर किल्ली शोधत होते. माझ्याबरोबर तुम्हीही शोधत होतात, बाबा. गादीसुद्धा उचलून बघितलीत. एका हातानं.

बाबा: तू भाषा शिकवतेस ना? मग कवितेतला 'मी' आणि कवी एक नसतात, एवढंही मीच सांगायचं का?

छकुली: ते शिकवते की. त्याला एक गुण असतो. आणि भाषा शिकवते कारण इथल्या कॉलेजात तेवढीच मिळाली. मला दगड शिकायचे होते, भूगर्भशास्त्र. प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात खोली मिळाली होती.

बाबा: तुझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. घर खायला उठायचं.

छकुली: मलाही उठायचं.

बाबा: पुढच्या वर्षी जा म्हणालो होतो. नाही कुठे म्हणालो?

छकुली: पुढच्या वर्षी कविता छापून आली. वर 'छकुलीस'. लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, अगं, तू परत कधी आलीस? तुमचं कौतुक करायचे. काय मन आहे बापाचं, म्हणायचे. मी मान हलवायचे. सांगणार काय?

बाबा: लोक काहीही बोलतात.

छकुली: आणि शेवटच्या ओळी. 'वळणापाशी तू वळून पाहिलंस, मी दाराची कडी पुसत होतो.' या घरात कडी कधी पुसलीत तुम्ही? फडकं कुठे असतं ते तरी माहीत आहे का?

बाबा: ती ओळ चांगली आहे.

छकुली: चांगलीच आहे, त्याचाच तर संताप येतो. फालतू असती तर पुस्तकात आली नसती, आणि मला इतकी वर्षं ती पोरांकडून घोकून घ्यावी लागली नसती. शिकवताना ती ओळ मीच दोनदा वाचते, बाबा. कुणाच्या तरी बापानं खरंच असं केलं असेल, असं वाटतं.

बाबा: मला भीती वाटली होती. झालं समाधान? तू गाडीत बसलीस की आपलं कुणी उरणार नाही, असं वाटलं.

छकुली: मग तसं लिहायचं होतं. मला भीती वाटली, मी किल्ली लपवली.

बाबा: कुणी छापली नसती.

छकुली: मी वाचली असती.

बाबा: बरं, पुरे आता. मी बाईंना शब्द दिलाय. सोमवारी तू वर्गात जाऊन सारवासारव करायचीस.

छकुली: सोमवारी मी शाळेत नाही. राजीनामा आधीच दिलाय, म्हणून तर काल जीभ सुटली. तुम्हाला सांगू नका, असं बाईंना मीच म्हटलं होतं.

बाबा: राजीनामा?

छकुली: दुसऱ्या गावात नोकरी घेतली. तिथेही शाळाच. दगड काही आता या जन्मात नाहीत. उद्या सकाळच्या गाडीनं निघतेय.

बाबा: आणि माझं काय?

छकुली: स्वयंपाकाच्या मावशी दोन्ही वेळा येतील. गोळ्या वाराप्रमाणे डबीत भरून ठेवल्यात. शेजारचे काका रोज डोकावतील, मी बोललेय त्यांच्याशी.

बाबा: सगळ्यांशी बोललीस. मला तेवढं विचारलं नाहीस.

छकुली: पंचेचाळीस वर्षांची आहे मी. आणि कवितेतला बाप कुठे काही विचारतो? 'जा म्हणालो नाही, थांब म्हणालो नाही.' उद्या सकाळपुरतं जमेल का तेवढं?

बाबा: आठवडाभर थांब की. अशी तडकाफडकी कुणी जातं का? तयारी तरी कुठे दिसतेय तुझी? बॅगसुद्धा भरलेली नाही.

छकुली: भरली. शाळेत शिपाईमामांच्या खोलीत ठेवून आले.

बाबा: शाळेत कशाला? घरात काय जागा नव्हती?

छकुली: घरात कपाट आहे, बाबा.