आधी रांग, मग चौकशी

बिश्केकमधल्या पुस्तकांच्या जुन्या दुकानापुढे ही भली मोठी रांग लागली होती. रांगेतल्या तोल्कुनच्या मागे कॉलेजातली एक पोरगी उभी होती. तिच्या मागे एक म्हातारा येऊन उभा राहिला, आणि मग त्याने विचारलं,

“पोरी, काय मिळतंय गं इथे?”

“अहो आजोबा, माहीत नाही तर उभे कशाला राहिलात?”

“आमच्या वेळी आधी रांगेत शिरायचं. चौकशी करत बसलं की नंबर गेलाच! तेव्हा सोव्हिएत राज्यात रद्दी दिली तरच चांगली कादंबरी मिळायची. वर्षभराची रद्दी पाठीवर घालून आणायचो मी इथे. लोक पुन्हा वाचायला लागले, बरं वाटलं बघून.”

“वाचायला कुठलं? इथे आता फोन विकतात, नवा आलाय. पुस्तकांचं दुकान हिवाळ्यातच बंद पडलं.”

“बंद? आणि तुम्ही पडू दिलंत? तुम्हा पोरांच्या फोनपायीच बुडालं ते!”

“असेल. पण तुम्ही इथून शेवटचं पुस्तक कधी घेतलंत, आजोबा?”

पुढे उभ्या तोल्कुननेही मनातल्या मनात आठवून पाहिलं.

“रांग असायची तेव्हा,” म्हातारा म्हणाला.