निकम सरांची नापसंती

या, जरा जवळ सरकून बसा. नाशिकच्या एका दवाखान्यात कानावर पडलेली गोष्ट सांगतो. चांदवडच्या सिंधुबाई गुडघा दाखवायला आल्या होत्या. शेजारी इंग्रजीचे निवृत्त शिक्षक निकम सर आणि त्यांच्या पत्नी बसलेले. अर्धांगाच्या झटक्यापासून सरांच्या तोंडून आवाज म्हणून फुटला नव्हता. सिंधुबाईंना गप्प राहवेना.

"काहीच बोलत नाय का ओ?"

"नाही हो. अभंग ऐकवले, नातीला समोर बसवलं. डॉक्टर म्हणतात, एक आवाज निघाला की पुढचे निघतील."

"आन् आधी लय बोलायचे?"

"बोलायचे मराठीत, नाराजी मात्र इंग्रजीत. मीठ जास्त झालं की 'ओ डिअर', पसारा दिसला की 'टट्-टट्'. मराठीतलं रागावणं जिव्हारी लागतं, म्हणायचे."

"मंग गोडगोड करून झालं ना? आता नावडतं करा की!"

"अहो, आजारी माणसाला?"

"करा म्हंते ना! काय खपत नाय त्यांना?"

"बशीतून फुरके मारत चहा प्यायलेला. माहेरची सवय माझी, त्यांच्यापायी सोडली."

"मंग ही घ्या बशी. चहा माझ्या थर्मासातला हाय. पार त्यांच्या कानापाशी फुरका वढा."

"फुर्र!"

"हे काय वढणं झालं? माहेरावानी वढा!"

"फुर्रर्रर्र!"

"ट… टट्…"

"अगं बाई! अहो, काय म्हणालात? परत म्हणा ना!"

"टट्-टट्!"

"रडू नका, बाई. वढा! समदा थर्मास तुमचाच हाय."

बापहो, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा निकम सरांचीही आठवण ठेवा. त्यांचं बोलायचं अजून पुष्कळ राहिलं आहे.