क्रोम नको म्हणा

—नाही, नाही, ताई, पिशवीत परत भरू नका, काम घेत नाही असं कुठं म्हणालो मी? जुना मुलामा उतरवून देतो की. उतरवणं माझं खातं आणि चढवणं मुलीचं, अशी वाटणी आहे आमची. ती चहा आणायला कोपऱ्यावर गेलीय, ऑर्डर तीच लिहून घेते, आली की बोला तिच्याशी. पण ती यायच्या आत माझं एक ऐका. बसा. त्या स्टुलावर नको, त्यावर ॲसिड सांडलेलं असतं, कपड्याची चाळण होईल — ही खुर्ची घ्या, हिला एक पाय कमी आहे पण स्वभाव गरीब आहे.

द्या ती खुंटी इकडे. दोर बांधायची, हो ना? आणि ही गोल खिडकीची रिंग, आणि ह्या दोन बिजागऱ्या. वडिलांची होडी, तीन वर्षं शेडमध्ये पडून होती — सांगितलंत मघाशी, माझे कान शाबूत आहेत. हे बघा, दोर घासून घासून इथलं क्रोम गेलंय. खाली पिवळट दिसतं ते निकेल, आणि त्याच्याही खालून हिरवं डोकावतंय ते मूळचं ब्राँझ. नखानं खरवडू नका, सुटलेलं क्रोम पात्यासारखं कापतं. ते काढायचं म्हणजे आधी ॲसिड — बुडबुडे येतात, पाणी हिरवं होतं, पाच मिनिटांत क्रोम खलास. निकेल चिवट. त्याला टाकीत घालून करंट लावायचा, पण चढवताना देतात त्याच्या उलटा, आणि तिथून हलायचं नाही, कारण निकेल संपलं की ते ब्राँझच खायला लागतं, खड्डे पडतात. मी हलत नाही. घाईही करत नाही. मुलगी म्हणते, बाबा, एका खुंटीला चार दिवस? मी म्हणतो, जुनं काम आहे, वेळ लागतो. लागत नाही खरं तर. एका सकाळचं काम आहे — पण माझ्याकडे अडकलं तर तिच्याकडे उशिरा जातं, म्हणून.

काही नाही, असंच म्हणालो. मुद्दा काय, की ब्राँझला समुद्राचं पाणी काही करत नाही. त्याच्यावर क्रोम चढवायची मुळात गरजच नव्हती, कुणाला तरी झगमगाट हवा होता एवढंच. तेव्हा मुलगी आली की म्हणा, क्रोम नको, नुसतं उतरवून पॉलिश करून द्या. तुमच्या तोंडून म्हणा हं. मी सुचवलं असं नाही. का म्हणजे, छान दिसतं. मधासारखा रंग येतो.

आईला चमकणारंच हवंय? बरं. नजर अधू झालीय का त्यांची, चकचकीत असलं की हाताला सापडतं — हं. आता आली का पंचाईत. आईपुढे मी काय बोलणार? पण मग मलाही सांगावं लागेल, आणि मला सांगायचं नव्हतं.

मागे ती निळी टाकी दिसतेय ना, झाकण घातलेली, ती क्रोमची. करंट सोडला की बुडबुडे फुटतात आणि त्यांच्याबरोबर बारीक तुषार वर येतात, वाफेसारखे. ते नाकात जातात. रोज थोडे थोडे. नाकाच्या मधला पडदा असतो ना, माझ्या पडद्याला भोक आहे, ताई. एका बाजूनं वात घातली तर दुसरीकडून निघेल. दुखलं नाही कधी. दुखलं असतं तर कळलं तरी असतं. नुसता वास येईनासा झाला, अठरा वर्षं झाली, आणि झोपलो की नाकातून शिट्टी वाजायची. बायको म्हणायची, निघाली तुमची गाडी. तिला सगळं माहीत होतं. मुलीला कळू द्यायचं नाही, ती उगाच काळजी करेल, असं दोघांचं ठरलं. जेवायला बसलो की बायको डोळ्यांनी खुणवायची आणि मी म्हणायचो, वा, काय वास सुटलाय. बायको गेली, मग मी अंदाजानं म्हणायला लागलो. कप दिसला की वा चहा, साबण दिसला की वा साबण. इतका सराईत झालो की माझं मलाच खरं वाटायचं.

आणि मग माझे गुडघे गेले. मुलगी चांगली ऑफिसात नकाशे काढत होती, ती म्हणाली, मी बघते दुकान. तिनं सरळ विचारलं होतं हो, ह्याच दारात उभं राहून — बाबा, ह्या वाफेनं काही होत नाही ना? आणि मी म्हणालो, माझ्याकडे बघ, मला काय झालंय? असं म्हणालो मी. का म्हणालो? आनंद झाला होता म्हणून. आपल्यामागे कुणीतरी टाकीजवळ उभं राहणार ह्याचा मला इतका आनंद झाला होता की दुसरं काही सुचलंच नाही. आणि तिचा हात, ताई — माझ्यापेक्षा साफ काम करते ती. पंखा आहे, वाफ ओढणारा, आहे ना. मास्कही आहे, तो काय खिळ्याला. माझाही तिथंच असायचा. पण टाकीवर वाकून बघायची खोड लागलीय तिला, ती कुणाची? माझीच.

गेल्या महिन्यात दूध जळलं. ती ओट्याशी उभी, पाठ शेगडीकडे, फोनवर बोलतेय, आणि मी दारात. पातेलं कोळसा झालं. शेजारच्या काकू दार वाजवत आल्या, अहो घर पेटलं का तुमचं, जिन्यापर्यंत वास येतोय. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ती म्हणाली, मला सर्दी झालीय. मी म्हणालो, मलाही. उन्हाळ्यात, दोघांना, एकदम. परवा दुपारी जेवून जरा आडवी झाली आणि मी खुर्चीत पेपर वाचत होतो, तर शिट्टी. मला वाटलं किटली. किटली ओट्यावर उपडी होती.

डॉक्टरकडे नेऊ? काय सांगून नेऊ? मला माहीत होतं आणि तरी मी तुला तिथं उभं केलं, असं? तेवढं एक वाक्य आहे, रोज सकाळी दाढी करताना तयार करतो, दुकान उघडेपर्यंत विरून जातं. मग माझ्या हातात काय उरतं — येईल त्याला म्हणायचं, क्रोम नको म्हणा. सहा जणांनी ऐकलं आत्तापर्यंत. तिला वाटतं लोकांची आवड बदलली. तुमच्या आईला चमक हवी, कबूल, मी ब्राँझच इतकं घासून देईन की त्यात तोंड दिसेल त्यांना, दर महिन्याला घरी येऊन घासून देईन. पण आज — पायऱ्यांवर तीच आहे. ताई, लक्षात ठेवा हं.

ये गं. ह्या ताई, होडीचं जुनं सामान घेऊन आल्यात. काही नाही, वेळ जात नव्हता, क्रोम कसं उतरतं ते सांगत होतो. त्यांना नुसतं पॉलिश हवंय. हो ना, ताई? … बघ, त्याच म्हणतायत, क्रोम नको. … सातव्या कशा? मोजतेस कशाला? आवड असते एकेकाची. दे, दे तो कप, हात भाजेल तुझा. झाकणाचे कप आणलेस होय आज. अहाहा. आलं भरपूर घातलंय, काय वास सुटलाय —

काय? … उघडून कशाला बघू, वासावरून कळतंय की … बरं, उघडतो.

पाणी आहे.

नुसतं गरम पाणी आहे.

मुद्दाम आणलंस.

… बस, पोरी. त्या स्टुलावर नको. इथं बस.

ताई, तुम्ही या आता. सामान राहू दे.